दोन ते तीनचा पहारा

भुतांविषयीचं माझं मत नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पक्कं झालं. दौंड–मनमाड मार्गावरच्या एका लहान स्टेशनवर पाण्याच्या टाकीखाली पांढऱ्या साडीतली बाई उभी असते, असं सगळा स्टाफ शपथेवर सांगायचा. मी बॅटरी घेऊन गेलो. पॉइंट्समनचं धोतर वाळत होतं. तेही नीट पिळलेलं नव्हतं. त्यानंतर उरलेली पस्तीस वर्षं स्टेशन मास्तर म्हणून काढली, निवृत्त होऊनही सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात मला ज्यांनी ज्यांनी आपला 'अनुभव' सांगितला, त्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला – धोतर कुणाचं होतं?

या सदरातले अनुभवसुद्धा मी, खरं सांगतो, करमणुकीसाठी वाचत आलो. त्यामुळे आज त्याच रांगेत उभं राहताना मला थोडी शरम वाटते आहे. पण शरमेपेक्षा संताप जास्त आहे, म्हणून लिहितो.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने येताना कासुर्डी ओलांडली की यवतच्या अलीकडे डाव्या हाताला एक रस्ता उसात शिरतो. दीड किलोमीटर आत आमचं ज्येष्ठांचं निवासस्थान आहे. नाव मुद्दाम देत नाही. 'सुवर्ण', 'संध्या' आणि 'आनंद' या तीन शब्दांपैकी दोन त्यात आहेत, यावरून काही कळणार नाही, कारण सगळ्यांचंच तसं असतं. मी इथे कुणी टाकलं म्हणून आलेलो नाही. बायको गेल्यावर शिरूरच्या घरात एकट्यासाठी भाजी निवडायचा कंटाळा आला, घर पुतण्याला राहायला दिलं आणि पुस्तकांच्या चार पेट्या घेऊन स्वतःच्या पायांनी आलो. जेवण बरं असतं. खोलीत उजेड आहे. तक्रार आहे ती आनंदाबद्दल.

आमच्याकडे आनंद सक्तीचा आहे. सकाळी साडेसहाला हास्य. हसू येवो न येवो, हात वर करून हसायचं. साडेदहाला फुगा गोलात फिरवायचा. बुधवारी रंगकाम. ज्या माणसाने आयुष्यभर ऊस, कांदा आणि चार पोरं वाढवली, त्याच्या हातात सत्तरीत रंगीत खडू द्यायचा आणि फुलपाखरू रेषेबाहेर न जाता रंगवायला सांगायचं. या सगळ्याची हजेरी लागते. हजेरीवरून प्रत्येकाचा 'सहभाग स्कोअर' निघतो आणि महिन्याच्या शेवटी तो फलकावर लागतो. माझा कायम खालून दुसरा. खालून पहिला जो होता, तो जूनमध्ये वारला.

हे सगळं चालवणाऱ्या मॅडमचा हुद्दा आहे 'कम्युनिटी एंगेजमेंट मॅनेजर'. वय पस्तीसच्या आत, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. बाई वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहितो. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. ही गोड बोलते.

आता आप्पा.

आप्पा राहू गावचे शेतकरी, वय चौऱ्याऐंशी. गेल्या मे महिन्यात त्यांची डावी बाजू गेली आणि जूनमध्ये मुलाने त्यांना आमच्याकडे आणलं, तेही थेट मागच्या इमारतीत. तिला 'केअर ब्लॉक' म्हणतात. दाराला आकड्यांचं कुलूप आहे, आकडे फक्त स्टाफला माहीत. आत आठ खाटा. खाटांना दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे, माणूस पडू नये म्हणून. आप्पा पाचव्या खाटेवर. त्यांना उभं असलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. आमची ओळख झाली तेव्हा ते आडवेच होते.

रोज सकाळी नऊला मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. आधी निधनवार्ता, मग पाऊस, मग राजकारण. शेवटचे दोन सारखेच बेभरवशाचे, असं त्यांचं मत. जीभ थोडी जड झाली होती, पण डोकं लख्ख.

श्रावण लागला तसे ते गप्प व्हायला लागले. एकदा पावसाची बातमी चालू असताना मध्येच म्हणाले, "मास्तर, राहूला सप्ता बसंल आता."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – आमच्या भागात गावोगाव हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस देवासमोर अखंड नामस्मरण चालतं आणि तेवढे दिवस वीणा कुणा ना कुणाच्या गळ्यात असतो. तो जमिनीला टेकवायचा नाही. माणसं तासातासाचा पहारा वाटून घेतात. पुढचा आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात, एकाच्या गळ्यातला वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जातो. दुपारी दोन ते तीनचा पहारा कुणालाच नको असतो. जेवण झालेलं असतं, उकडत असतं, डोळे मिटत असतात. लग्नाच्या आदल्या वर्षी आप्पा मंडळात सगळ्यांत लहान, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. नंतर त्यांनीच तो सोडला नाही.

"एका साली बैल मरनाला टेकला हुता," ते म्हणाले. "घरनं पोरगं बोलवाया आलं. म्हनलं, तीन वाजूंदे."

"मग?"

"मंग काय? बैल ऱ्हायला की. त्यालाबी कळलं आसंल, मालक कामात हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"औंदा खाडा पडनार. येक डाव खाडा पडला मास्तर, की मानूस गेल्यात जमा."

मी ही गोष्ट नानांना सांगितली. नाना पाटसला साखर कारखान्यात फिटर होते आणि आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख आहेत. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की सप्ताह इथेच बसवायचा. खुर्चीत बसून वीणा घेतला तर चालतो का, असं मी विचारलं. शास्त्राचा विषय, म्हणून जरा दबकतच. नाना म्हणाले, "वीना भुईला टेकला न्हाई पायजे. मानूस टेकला तर काय हुतंय?"

मला वाटतं, धर्मावर मी वाचलेल्या बहुतेक जाड पुस्तकांपेक्षा हे वाक्य बरं आहे.

आम्ही मॅडमकडे गेलो.

"सप्ताह म्हणजे... वीक?" त्यांनी विचारलं. "नाही काका, एवढं नाही जमणार. वन-डे व्हर्जन करू या ना."

एक दिवसाचा सप्ताह! नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. शेवटी सूर्योदय ते सूर्यास्त यावर तडजोड झाली. फलकावर दुसऱ्या दिवशी लागलं : 'भजन थेरपी – सहभाग स्कोअर दुप्पट'. नानांनी पहाऱ्याचा तक्ता केला आणि भोजनगृहाच्या दारावर चिकटवला. एक ते दोन मास्तर. दोन ते तीन राहूचे आप्पा. तीन ते चार कुसुमताई. मी देव मानत नाही, हे नानांना माहीत होतं. ते म्हणाले, "तुमाला म्हनायचं नसलं तर म्हनू नका. नुसतं हुबं ऱ्हावा."

कुसुमताई राहूच्याच. आप्पांच्या दोन घरं सोडून त्यांचं घर. बाईमाणसाने वीणा घ्यायचा म्हटल्यावर एकदोघांनी भुवया वर केल्या होत्या. कुसुमताईंनी त्यांना विचारलं, "आख्खा जल्म पान्याची घागर उचलली, तवा न्हाई कुनी भुवई उचलली?" विषय संपला.

आता परवानगी. आप्पांना मागच्या इमारतीतून भोजनगृहात चाकाच्या खुर्चीतून आणायचं. मधे एक बोळ आणि एक उतार. मॅडम म्हणाल्या, "केअर ब्लॉकमधून शिफ्टिंगसाठी रिलेटिव्हची सही लागते काका. ओरिजिनल. अठ्ठेचाळीस तास आधी."

आप्पांच्या मुलाला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "न्या की, त्यात काय इचारायचं?" त्याने फॉर्मवर सही करून फोटो पाठवला. मॅडमनी फोटो पाहिला आणि मान हलवली. फोटो चालत नाही. त्याला ऊसतोडीच्या करारासाठी तालुक्याला जायचं होतं, तो रविवारी येणार. सप्ताह शुक्रवारी.

"शिवाय," मॅडम आवाज आणखी गोड करून म्हणाल्या, "शुक्रवारी चीफ गेस्ट येतायत ना. नव्या हॉलचं उद्‌घाटन. थीम 'अ‍ॅक्टिव्ह एजिंग' आहे. फ्रेममध्ये पेशंट... तुम्ही समजून घ्या ना."

मी समजून घेतलं नाही. मी आप्पांना म्हणालो, "मी आणतो तुम्हाला."

"बोललात?"

"बोललो."

"तुमी देव मानत न्हाई, ठावं हाय. पर तुमी डूटी मानता. दोनला या. मी वाट बगतो."

शुक्रवारी पहाटे नानांनी वीणा उचलला. मॅडमनी सजावट चोख केली होती. पाहुणे जिथे जिथे पाय ठेवणार तिथे तिथे नवं प्लास्टिकचं हिरवंगार गवत अंथरलं होतं. बाहेर चहू बाजूंनी खरं गवत गुडघाभर वाढलेलं असताना! पाहुणे भोजनगृहात दोन मिनिटं दर्शनाला येणार, म्हणून विठ्ठलाच्या तसबिरीसमोरही तेच. माल हलका होता. अनवाणी उभं राहिलं की त्याचे हिरवे धागे तळव्यांना चिकटत आणि काही केल्या निघत नसत. भिंतीवर पाहुण्यांचा दहा फुटी फ्लेक्स.

तक्त्याप्रमाणे पहारे बदलत गेले आणि एकला मी नानांकडून वीणा घेतला. टाळाला दोघं होते. मृदंगाला आणि साथीला कासुर्डीच्या मंडळाची चार माणसं आली होती, ती जेवायला गेली. ठरलं होतं असं : दोनला दहा कमी असताना नाना परत येऊन वीणा धरतील, मी जाऊन आप्पांना आणीन. मागच्या इमारतीतल्या सिस्टर आमच्या बाजूच्या होत्या; दार उघडायचं त्यांनी कबूल केलं होतं.

पावणेदोनला स्पीकरवर घोषणा झाली. पाहुणे लवकर आले आहेत, सर्व रहिवाशांनी ताबडतोब हॉलमध्ये जमावं. पाठोपाठ मॅडम स्वतः आल्या आणि टाळवाल्या दोघांना हाताला धरून घेऊन गेल्या. स्वागतगीतासाठी पेटीवर नाना हवे होते, त्यांना बाहेरच्या बाहेर पकडलं. बोळातून नानांचा आवाज आला, "मास्तर, आलोच! सोडू नगा!"

मी एकटा उरलो. समोर तसबीर, गळ्यात वीणा, पायाखाली प्लास्टिक.

दोन वाजले. दोन पाच. हॉलमधून टाळ्या ऐकू येत होत्या. दोन दहा. माझे गुडघे शहात्तर वर्षांचे आहेत आणि ते मला त्याची आठवण करून देत होते. एक बाकडं चार पावलांवर होतं. वीणा त्यावर ठेवून मी निघालो असतो तर कुणी पाहणार नव्हतं. ज्या देवासमोर उभा होतो तो आहे असं मला वाटत नव्हतं. मग अडलं कुठे?

अडलं ते हे. रेल्वेत स्टेशन रिकामं सोडून जाता येत नाही. तुमची पाळी संपली असेल, घरी मूल तापाने फणफणत असेल, पण पुढचा मास्तर येऊन 'चार्ज घेतला' म्हणून सही करत नाही तोवर तुम्ही जागचे हलत नाही. पस्तीस-चाळीस वर्षं हे अंगात मुरलेलं. वीणा टाकून आप्पांकडे गेलो असतो, तर ज्या पहाऱ्यासाठी त्यांना आणायचं तोच मोडलेला. आणि उभा राहिलो तर ते तिकडे वाट बघत पडलेले. नामस्मरण वगैरे चालू नव्हतं. मनातल्या मनात मी मॅडमना जे म्हणत होतो ते देवासमोर म्हणण्यासारखं नव्हतं.

सव्वादोनच्या सुमाराला बाजूने कुणीतरी आलं.

मला दिसले ते पाय. प्लास्टिकच्या गवतावर अनवाणी, काळे, भेगाळलेले. डाव्या पायाला करंगळी नव्हती. वर पांढरं धोतर. कासुर्डीच्या मंडळातलं कुणीतरी जेवून परत आलं, असंच मला वाटलं. मी पाया पडायला वाकलो, तोही वाकला. गळ्यातला पट्टा मी डोक्यावरून काढला, दोन हातांनी तो घेतला गेला. "घ्या," मी म्हणालो, "मला जरा तिकडे जायचंय. पुढचा माणूस आणतो." गुडघ्यांवर हात देत मी सरळ होईपर्यंत त्याने तसबिरीकडे तोंड केलं होतं. पाठ दिसली, पांढरा फेटा दिसला. एकेरी तार वाजायला लागली.

माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक ती. चार्ज दिला आणि घेणाऱ्याचं तोंड पाहिलं नाही. रेल्वेत मला निलंबित केलं असतं आणि ते बरोबर झालं असतं. पण मी घाईत होतो, आणि रागात.

मागच्या इमारतीत सिस्टरनी दार उघडलं. "किती उशीर मास्तर! दोनपासनं दाराकडं बघत हुते. आत्ता डोळा लागला बघा." आप्पा डोळे मिटून पडले होते. कठडे वर, अंगावर चादर, लघवीची नळी लावलेली. पण खुर्ची कुठे होती? खुर्ची मॅडमनी सकाळीच कुलपात ठेवायला लावली होती. माझा स्वभाव त्यांना माहीत होता, हे मान्य करायला हवं.

मी हॉलच्या मागच्या दारी गेलो आणि मॅडमना बाहेर बोलावलं. त्या बाहेर यायला दहा मिनिटं लागली. आत पाहुणे 'वृद्धत्व हा उत्सव आहे' हे समजावून सांगत होते. त्यांचं वय पंचेचाळीस असावं.

"मॅडम, किल्ली द्या."

"काका, प्लीज. आत्ता नको ना."

"एक तास. वीस मिनिटं द्या. तीनच्या आत परत आणतो."

"सही नाहीये ना काका. काही झालं तर रिस्पॉन्सिबल कोण?"

"मी. लिहून देतो."

"तुम्ही रिलेटिव्ह नाही आहात."

"तो माणूस काय तुमच्या ताब्यातला माल आहे का, पावतीशिवाय न सोडायला?"

हे मी मोठ्याने बोललो. आतली दोन-चार डोकी वळली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी अधिकच राग आला, कारण आता चूक माझी दिसत होती. किल्ली मिळाली नाही. घड्याळात तीनला पाच कमी होते. मी परत निघालो, आप्पांची माफी मागायला. दुसरं काय करणार?

मी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि सिस्टर चादर बदलत होत्या. त्यांनी पायांकडची बाजू उचलली आणि थांबल्या.

"अगं बया! हे काय लागलंय? सकाळीच तर पुसून काढलं म्या."

मी पुढे झालो. आप्पांचे तळवे दिसत होते. दोन्ही तळव्यांना हिरवे प्लास्टिकचे धागे चिकटले होते. टाचांच्या भेगांत सुद्धा. आणि डाव्या पायाला करंगळी नव्हती.

ते पाय मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. ते कायम चादरीत असत. मी सिस्टरना विचारलं, करंगळी कधी गेली. त्या म्हणाल्या, "जुनं हाय ते. ऊस तोडताना कोयता लागला हुता म्हनं, तरुनपनी." मी कठडा धरला.

आप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. कामावरून आलेल्या माणसाचा असतो तसा शीण होता.

"वाट बगितली मास्तर," ते म्हणाले. "तुमी यीना. मंग गेलो म्या."

"कुठे?"

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी विचारलं, "वीणा कुणाकडे आहे आप्पा?" – म्हणजे बघा, मी, मी हे विचारलं!

"कुशी आली," ते डोळे न उघडता म्हणाले. "तिच्याकडं दिला."

मी या वयात शक्य होतं तितक्या वेगाने भोजनगृहाकडे गेलो. तसबिरीसमोर कुसुमताई उभ्या होत्या, गळ्यात वीणा, तोंडाने रामकृष्णहरी चालू. मला पाहून त्या गाता गाताच हसल्या.

"कुणी दिला तुम्हाला?" मी विचारलं.

"कुनी म्हंजी? आप्पांनी."

"कुठल्या आप्पांनी?"

"आता गं बाई! आमच्या आप्पांनी. किती वर्सं बगते त्यास्नी, वळखंना व्हय मला? मी म्हनलं, बरं झालं, सोडलं बया त्यास्नी. पाय बरं दिसलं आज. माझ्या डोक्यावर हात ठेवला आन् गेले त्या दारानं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. त्या काही अद्भुत सांगत नव्हत्या. शेजारच्या म्हाताऱ्याला बरं वाटलं, एवढंच सांगत होत्या. खरी गोष्ट मी त्यांना संध्याकाळी सांगितली, वीणा उतरल्यावर. त्यांनी पदराचा काठ बोटांना गुंडाळला. मग म्हणाल्या, "पुढचं मानूस आल्याबिगर ते हलायचं न्हाईत, हे मातुर खरं. आदीपासनं तसंच."

धोतर कुणाचं होतं, हा प्रश्न मी स्वतःला त्याच दिवशी विचारला. कासुर्डीच्या चौघांना भेटलो. चौघेही पँटमध्ये होते, चौघांच्या पायाला दहा-दहा बोटं. जेवणानंतर त्यांना मॅडमनी हॉलमध्येच थांबवलं होतं, टाळ्यांसाठी. केअर ब्लॉकच्या दाराचं कुलूप पावणेदोन ते तीन एकदाच उघडलं, माझ्यासाठी. सिस्टर त्या खोलीतून हलल्या नव्हत्या. आप्पा हलले असते तर नळी निघाली असती, बाकीच्या सात खाटांना कळलं असतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्या माणसाचा डावा पाय मेलेला होता. तो उचलायला दोन माणसं लागायची. भोजनगृहात कॅमेरा आहे. त्याच्यासमोर पाहुण्यांचा दहा फुटी चेहरा टांगलेला होता. त्या दिवसाचं चित्रण म्हणजे फ्लेक्सची मागची बाजू, सूर्योदय ते सूर्यास्त.

गवताच्या धाग्यांवर मी पुष्कळ डोकं चालवलं. सिस्टरच्या चपलेतून आले म्हणावं, तर त्या भोजनगृहात गेल्याच नव्हत्या. माझ्या पायांतून आले म्हणावं, तर ते चादरीखालून तळव्यांवर, भेगांत कसे बसले? जमत नाही.

पण संतापाची खरी हकीकत याच्या पुढची आहे.

हॉलच्या दारातल्या भांडणाची नोंद झाली आणि मला ऑफिसात बोलावलं. मी जे घडलं ते सांगितलं. बाहेरून तपासायला येणारे डॉक्टर, मॅडम आणि व्यवस्थापक, तिघांनी एकाच वेळी चेहरा मऊ केला. त्या चेहऱ्याची मला म्हातारपणी जेवढी भीती वाटते तेवढी भुताची कधी वाटली नाही. माझी स्मरणशक्तीची चाचणी झाली. शंभरातून सात सात वजा करा. घड्याळ काढा, त्यात अकरा दहा दाखवा. रेल्वेवाल्याला घड्याळ काढायला सांगतात! सगळं बरोबर आलं. तरी शेऱ्यात लिहिलं, 'निरीक्षणाखाली'. कुसुमताईंची दृष्टी तपासली. तीही स्वच्छ. मग तोडगा निघाला तो असा : मास्तरांनी वीणा बाकड्यावर ठेवला आणि ते विसरले, ताईंनी तो तिथून उचलला आणि त्या विसरल्या. यावर सही करा म्हणाले.

मी केली नाही. कागदावर खोटी सही मी कधी केली नाही. मी खाली लिहिलं : 'दोन वाजून पंधरा मिनिटांनी चार्ज दिला. घेणाऱ्याचे नाव – राहूचे आप्पा. घेणाऱ्याचे तोंड पाहिले नाही, ही माझी चूक.' कुसुमताईंनी त्याखाली अंगठा नव्हे, सही केली. चौथीपर्यंत शिकल्या आहेत.

आप्पा कार्तिकात गेले, सकाळी, मी पाऊस वाचत असताना. मधल्या काळात त्या शुक्रवारबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. ते पुन्हा गप्प झाले नाहीत, एवढं मी पाहिलं. निधनवार्तांवर शेरे मारायला लागले होते.

ते गेल्यानंतर वार्षिक अहवाल आला, गुळगुळीत कागदावर. 'सामुदायिक उपक्रम' या पानावर श्रावणातल्या भजन थेरपीचा फोटो होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत : 'केअर ब्लॉकमधील रहिवाशांचाही उत्साही सहभाग'. मी मॅडमना विचारलं, कुणाचा सहभाग? त्यांनी टॅबवर बोट फिरवलं. आप्पांच्या नावापुढे हजेरी होती. दुप्पट स्कोअरसकट.

"हे कुठून आलं?"

"तुमच्या तक्त्यावरूनच काका. दारावर होता ना, त्यावरूनच टाकलं."

"पण तुम्ही तर म्हणालात ते आलेच नाहीत. मला विसराळू ठरवलंत."

"ते इन्सिडंट रिपोर्टमध्ये ना. हे अ‍ॅन्युअल रिपोर्टमध्ये." आणि मग खरंच मऊ आवाजात, "आप्पांच्या फॅमिलीलाही बरं वाटेल ना काका."

वाद घालायचं मी त्या दिवशी सोडलं.

तर अनुभव हा असा. मला त्याचं स्पष्टीकरण नाही. माझ्याकडून वीणा कुणी घेतला, हे मी कुठल्याही नियमात बसवू शकत नाही, आणि ज्यांना हे वाचून हात जोडावेसे वाटतील त्यांच्याशीही माझं जमणार नाही. मी अजून देव मानत नाही. वाचकांनी पत्र लिहून आत्मा, सूक्ष्मदेह वगैरे समजावू नये. ते मी वाचलेलं आहे. त्या दुपारचं कोडं माझ्याबरोबर जाईल, माझी हरकत नाही. पण एका जिवंत माणसाला त्याच्या एका तासासाठी चाकाच्या खुर्चीतून बोळापलीकडे का नेऊ दिलं नाही – याचं स्पष्टीकरण असायला हवं, आणि ते मला अजून कुणी दिलेलं नाही.